एक श्वास मागे

फासा चारावर पडला. वीस बाजूंचा, पिवळट, कडा झिजलेला फासा. पुठ्ठ्याच्या आडोशामागे दोनदा उडून वहीच्या शिवणीला टेकला आणि त्यानं स्वच्छ चार दाखवले. दाजीनं तो पाहिला, तळहाताखाली झाकला, आणि शेजारच्या खोलीत कुणीतरी बोलावं तसा त्याला स्वतःचाच आवाज ऐकू आला: "सतरा. मंत्र विझला."

टेबलाभोवती तिघं होती: कारखान्याची नर्स, क्रेन चालवणारी बाई आणि दाजीचा मेहुणा. दाराबाहेर पत्रा दाबून घडवायचं प्रेस शॉप सुटी असल्यामुळं गप्प पडलं होतं. आठही प्रेस बंद, कॉम्प्रेसर बंद, कुठल्याशा पाइपातून थोडी हवा सुटत होती तेवढाच आवाज. टूलरूमला लागून असलेल्या या विश्रांतीच्या खोलीत दर सुटीला अकरा ते दोन हा खेळ चाले. एकानं जग सांगायचं आणि बाकीच्यांनी त्यात जगायचं. दार उघडलं तर आत काय आहे ते सांगणारा सांगतो. आत शिरायचं की पळायचं ते जगणारे ठरवतात. आणि जिथं जमेल की नाही अशी शंका असते तिथं फासा टाकतात. सांगणाऱ्याला मास्तर म्हणायची पद्धत आहे, असं नर्सनं पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, पण ते कुणाच्या तोंडात बसलं नाही. तो सगळ्यांचा दाजीच राहिला. खरं तर तो दाजी होता एकट्या मेहुण्याचा, बायकोच्या धाकट्या भावाचा. पण मेहुणा कामाला लागला त्या दिवशी अख्ख्या शॉपसमोर त्यानं "दाजी, चहा घेता का?" म्हणून हाक मारली, आणि तेव्हापासून क्रेनवर बसणारी बाईसुद्धा वरून "दाजी, बाजूला व्हा" म्हणू लागली. सुपरवायझर म्हणून वीस वर्षं काढलेल्या माणसाला नाव मिळालं ते असं, मेहुण्याच्या तोंडून.

मेहुणा आता समोर बसला होता आणि झाकलेल्या तळहाताकडे बघत होता.

खेळात आज पाचव्या दारावरची लढाई होती. तीन आठवडे सगळे तिकडेच सरकत होते. शत्रूच्या लोहसेनापतीनं दारातच मुडद्यांची पायरी रचली होती आणि त्या पायरीवर उभा राहून तो कुऱ्हाड चालवत होता. नर्सचा दरोडेखोर दोन सुरे घेऊन मागच्या पहारेकऱ्यांच्या गळ्यांत शिरला होता. आठवडाभर लोकांची बोटं बांधणारी ही बाई सुटीच्या दिवशी इतक्या शांतपणे गळे चिरायची, की क्रेनवाली दर वेळी म्हणायची, "बाई, तुमच्याकडे मलमपट्टीला यायची भीती वाटते आता." क्रेनवालीची ढालकरीण सगळ्यांच्या पुढं होती. तिनं दोन वार ढालीवर घेतले, तिसऱ्याला ढाल फुटली. फासा दाजीनं सगळ्यांसमोर टाकला होता आणि वार लागला होता, त्याला कुणाची हरकत नव्हती. वार कुठं लागला हे सांगणं तेवढं त्याच्याकडे होतं. छातीवर म्हणता आलं असतं, मांडीवर म्हणता आलं असतं. त्याची जीभ म्हणाली, हात. कुऱ्हाड कोपराच्या वर बसली, हाड एकदाच वाजलं, आणि हात ढालीच्या पट्ट्यासकट पायरीवर पडला. बोटं अजून पट्टा धरून होती. त्यानं हे इतकं नीट सांगितलं की क्रेनवालीनं नकळत आपला उजवा दंड चाचपला.

आणि मेहुणा म्हणाला होता, "थांबा. माझी म्हातारी मंत्र टाकते. एक श्वास मागे."

मेहुण्याची खेळातली म्हातारी म्हणजे कुबड आलेली, एका डोळ्याची चेटकीण. अकरा महिन्यांपूर्वी एका बुडालेल्या विहिरीच्या तळाशी तिला हा मंत्र मिळाला होता. तो आयुष्यात एकदाच टाकायचा. काळ एक श्वास मागं जातो, त्या एका श्वासात जे घडलं ते घडलेलं नसतं. अकरा महिन्यांत तिघांनी त्याला कितीदा तरी भरीला घातलं होतं. म्हातारीचं स्वतःचं घर जळलं तेव्हासुद्धा त्यानं तो टाकला नव्हता. "राहू दे," म्हणायचा, "लागेल कधीतरी." आज क्रेनवालीच्या हातासाठी त्यानं तो टाकला, आणि दाजीच्या कानात प्रेस चालू व्हावा तशी घरघर सुरू झाली. "सेनापतीलाही मंत्र कापता येतो," तो घाईनं म्हणाला, "पंधराच्या वर पडलं तर." आणि फासा त्यानं आडोशामागे टाकला.

"फासा दाखवा," नर्स म्हणाली.

"उचलला मी."

"आपलं काय ठरलं होतं?"

ठरलेलं खेळाच्या पेटीच्या झाकणावर आतल्या बाजूनं तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: मंत्र कापायचा तर फासा उघड्यावर. त्यावर मागं मोठं भांडण झालं होतं. नर्सनं धुकं पाडलं होतं आणि दाजीनं नुसतं "वारा सुटला" म्हणून ते उडवून लावलं होतं, कारण धुकं राहिलं असतं तर त्याचा महिनाभर रचलेला किल्ला अर्ध्या तासात पडला असता. क्रेनवाली तेव्हा म्हणाली होती, "आठवडाभर आम्ही वरून आलेलं ऐकतोच की हो. हे थांबवा, ते सोडा, परत उचला. इथं एक दिवस माझ्या मनासारखं घडतं, तेही तुम्ही एका शब्दात पुसायचं?" नर्सचं म्हणणं वेगळं होतं. शत्रूलाही विद्या असते, तोही कापणार, कापू दे. नाहीतर लढाईत जीव कसला? पण फाशानं कापू दे, सांगणाऱ्याच्या मनानं नको. सांगणाऱ्याच्या हातात आधीच सगळं जग असतं, त्यानं आमच्या हातातलं एवढंसंही काढून घ्यायचं म्हणजे आम्ही इथं नुसतं बसायला यायचं. मेहुण्यानं त्या दिवशी नुसती मान हलवली होती. दाजी बरोबरच करत असणार, असा त्याचा चेहरा होता. तो चेहरा दाजीला सोसवत नसे.

आत्ता तो चेहरा नव्हता. मेहुणा उठला, खुर्ची मागं कोसळली, आणि टेबलावरून वाकून त्यानं दाजीची कॉलर धरली. उजव्या हातानं. अंगठा आणि शेवटची दोन बोटं. मधली जागा रिकामी. तेवढ्यानंही त्याची पकड अशी होती की दाजीचं डोकं मागच्या लॉकरवर आपटलं आणि आत लटकवलेला कुणाचा तरी डबा वाजला.

"अकरा महिने," मेहुणा म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता. "अकरा महिने जपला होता मी तो. घर जळू दिलं म्हातारीचं."

"सोड," नर्स म्हणाली. "खेळ आहे."

"खेळ आहे ते मला माहीत आहे." त्यानं कॉलर सोडली. दाराशी जाऊन तो थांबला, मागं न बघता म्हणाला, "तिचाच हात होता, दाजी. माझा नव्हता. तिचा तरी द्यायचा," आणि बाहेर गेला.

थोड्या वेळानं पहिला घाव ऐकू आला. भंगाराच्या पेटीवर लोखंडी सळई. मग दुसरा. शॉप रिकामं असल्यामुळं प्रत्येक घाव पत्र्याच्या छपरापर्यंत जाऊन खाली येत होता. क्रेनवाली उठायला लागली तशी नर्सनं तिचा हात धरला. "मारू दे त्याला. चौदा महिन्यांत पहिल्यांदा मारतोय."

अपघाताला चौदा महिने. दाजीनं मान खाली घातली. आडोशामागं वही होती, वहीत लोहसेनापतीचं चित्र होतं, त्याला सुपरवायझरसारखा खिशात पेन दिलेला होता. काढताना लक्षात आलं नव्हतं. बाहेर घाव पडला आणि त्याबरोबर दाजीच्या डोक्यात चार नंबरचा प्रेस खाली आला. तसाच आवाज होता तो. पत्र्यावर बसलेला ठोका आणि त्याच्या आत दडलेला दुसरा, ओला, बारीक आवाज, जो कान ऐकत नाहीत, दात ऐकतात. चार नंबरला पायाचं पेडल होतं. समोर उजेडाची एक अदृश्य जाळी असे. तिच्यात हात गेला की प्रेस जागच्या जागी थांबे, पेडल कितीही दाबा. म्हणून पत्रा वाकडा बसला की सगळेच समोरून हात घालून तो सरळ करायचे, पाय पेडलवर ठेवूनच. चुकीचं होतं, पण रोजचं होतं. उजेडावर इतका भरवसा होता की हाताला भीतीच उरली नव्हती. फक्त नवा डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, बसवताना ती जाळी बंद करावी लागे, त्यासाठी बाजूच्या पेटीत किल्ली घालून फिरवायची. डावीकडे म्हणजे उजेड चालू, उजवीकडे म्हणजे बंद. एरवी किल्ली सुपरवायझरच्या कमरेला.

घाव. मेहुण्याचा चेहरा आधी ओरडला नाही, नुसता चकित झाला, जणू कुणीतरी त्याला नावानं हाक मारली होती. मग त्यानं हात वर केला आणि हातातून रक्त त्याच्या स्वतःच्या तोंडावर उडालं. क्रेनवाली वरून शिडी न धरता उतरली. नर्स धावत आली, गुडघ्यांवर बसली, दातांनी पट्टी फाडली. सगळं शॉप त्या हाताभोवती गोळा झालं आणि त्या गर्दीच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या दाजीला पेटीतली किल्ली दिसली. उजवीकडे. सकाळी डाय त्यानंच बसवला होता. मधेच मॅनेजरचा फोन आला, तो बोलत बोलत गेला, आणि किल्ली तशीच राहिली. त्यानं दोन पावलं टाकली आणि ती डावीकडे वळवली. कट्. एवढासा आवाज. त्या क्षणी त्याला वाटलं होतं की आपण प्रेस सुरक्षित करतो आहोत, आणखी कुणाला लागू नये म्हणून. खरंच वाटलं होतं का? की हे नंतर, रात्रीच्या रात्री, त्यानं स्वतःला सांगून सांगून वाटवून घेतलं? आता ते दोन्ही इतकं एकमेकांत मिसळलं होतं की वेगळं करता येत नव्हतं.

चौकशीवाल्यांनी उजेड तपासला. चालू होता. एक लाकडी फळी समोरून घातली, प्रेस थांबला. दहा वेळा घातली, दहा वेळा थांबला. मग त्यांनी लिहिलं की कामगारानं जाळी टाळून बाजूनं हात घातला असला पाहिजे, निष्काळजीपणा. इस्पितळात मेहुणा कागद वाचत बराच वेळ पडून होता. "मला तर समोरून आठवतंय, दाजी," तो म्हणाला होता. दाजी उशाशी उभा होता. तो म्हणाला, "धक्क्यात माणसाला नीट आठवत नाही." एवढंच. पाच शब्द. दुसऱ्या दिवशी मेहुणा म्हणाला, "बाजूनंच घातला असेल." आणि आठवड्यानं, डाव्या हातानं सही करताना, "बाजूनंच घातला मी. तुम्ही शब्द टाकून मला इथं कामाला लावलंत, आणि मी तुम्हाला मान खाली घालायला लावली." त्याला प्रेसवरून काढून स्टोअरला बसवलं. तिथं तो नट-बोल्टांच्या डब्यांवर चिठ्ठ्या लावायचा आणि कुणाशी बोलायचा नाही. बोटांना हालचाल हवी, माणसाला बोलणं हवं, म्हणून नर्सनं तिचा जुना खेळ आणला. आणि दाजी गोष्ट चांगली सांगतो हे सगळ्यांना माहीतच होतं.

घाव. दाजीनं त्या दिवसापासून एक नेम धरला होता. जेवताना, लिहिताना, पाणी पिताना उजव्या हाताची पहिली दोन बोटं तो तळव्यात मुडपून ठेवी. एक दिवस चुकवला नव्हता. ताप असतानाही नाही. बायकोला वाटे सांधे धरलेत, ती रोज झोपताना त्या बोटांना तेल चोळी, कोमट करून, एकेक पेर दाबत, आणि म्हणे, "माझ्या घरातले सगळे हात असे का झाले कोण जाणे." तेव्हा तो डोळे मिटून घेई. सुरुवातीला त्या नेमानं त्याला हलकं वाटलं होतं. घास सांडायचा, अक्षर वाकडं यायचं, आणि वाटायचं, फेडतो आहे. पुढं पुढं घास सांडेना. तीन बोटांची सवय झाली. मग त्याच्या ध्यानात आलं की नेम म्हणजे त्यानं स्वतःसाठी उभारलेला आडोसा होता. देवाला दिसेल असा त्रास काढायचा, आणि माणसाला ऐकू जाईल असं काही बोलायचं नाही. ज्याचा हात होता त्याला त्यातलं काहीच पोहोचत नव्हतं. तो बिचारा दर सुटीला येऊन, फासा अंगठ्यात आणि अनामिकेत धरून, एक श्वास जपून ठेवत होता.

घाव थांबले. मेहुणा आत आला तेव्हा त्याच्या तळहाताची साल निघाली होती. त्यानं पडलेली खुर्ची उचलून सरळ केली, बसला, आणि पेन्सिल घेऊन म्हातारीच्या कागदावर मंत्राच्या नावावर काट मारायला लागला. रेघ सरळ येईना.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "तुमच्यावर हात टाकायला नको होता. बरोबरच आहे तुमचं, दाजी. गेलेला हात असा मागं थोडाच येतो. मीच बाजूनं हात घातला, आणि राग काढतोय तुमच्यावर." मग क्रेनवालीकडे बघून थोडा हसला. "तुम्हाला पण स्टोअरला घेऊ. जागा आहे."

क्रेनवाली हसली नाही.

दाजीनं दोन्ही हातांनी पुठ्ठ्याचा आडोसा उचलला, घडी केला आणि खाली ठेवला. टेबल एकदम मोठं वाटलं. वही, सेनापती, फासा, सगळं उघडं पडलं.

"काट मारू नकोस," तो म्हणाला. "चार पडले होते. मी खोटं बोललो. मंत्र लागला."

नर्सनं उघड्या पडलेल्या फाशाकडे पाहिलं. "मग सांगा," ती म्हणाली. "एक श्वास मागे."

दाजी सांगू लागला. सांगताना त्याची दृष्टी मेहुण्याच्या पेन्सिलवर होती. एक श्वास मागे. कुऱ्हाड मांसातून मागं निघते. हाड जुळतं. पायरीवरचं रक्त धार होऊन वर चढतं, हात ढालीचा पट्टा धरून उठतो आणि खांद्याखाली आपल्या जागी बसतो. ढाल सांधली जाते. सेनापतीची कुऱ्हाड त्याच्या डोक्यावर आहे, अजून खाली आलेली नाही. क्रेनवालीनं श्वास सोडला.

"अजून एक श्वास मागे," दाजी म्हणाला.

"मंत्र एकाच श्वासाचा आहे," नर्स म्हणाली.

"असू दे." दाजी थांबला नाही. "चार नंबरचा प्रेस. सकाळचे सव्वा दहा. प्रेस वर आहे, अजून खाली आलेला नाही. पत्रा वाकडा बसलाय. पेटीत किल्ली आहे, उजवीकडे वळलेली."

"उजवीकडे?" क्रेनवाली म्हणाली. उजवीकडे म्हणजे काय हे शॉपमध्ये झाडू मारणारीलाही ठाऊक होतं.

"डाय बसवायला मी वळवली होती. परत करायची राहिली." आता तो मेहुण्याशी बोलत होता. "तू समोरून हात घातलास. रोज घालायचास तसा. बाजूनं नाही. तुला आठवत होतं ते खरं होतं."

मेहुण्यानं पेन्सिल खाली ठेवली. उजवा हात टेबलावर पालथा ठेवून तो त्याच्याकडे बघू लागला. दुरावलेला नातेवाईक अचानक दारात दिसावा, तसं. "समोरून," तो म्हणाला. मग हात हळूच पुढं सरकवला, नकाशावरून, पाचव्या दारापर्यंत, सरळ. "असा. समोरून."

"हो."

"पण त्यांनी तपासलं तेव्हा उजेड चालू होता."

"मी चालू केला. नर्स तुझा हात बांधत होती तेव्हा. सगळ्यांच्या पाठीमागं."

नर्सच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला, शब्द नव्हे.

ठोसा कधी आला ते दाजीला दिसलं नाही. मूठ पुरती मिटत नव्हती, त्यामुळं दोन बोटांची खुंटं आधी आली आणि ती सरळ दातांवर बसली. दुसरा ठोसा डाव्या हाताचा होता, भरलेला. तो नाकावर पडला आणि दाजी खुर्चीसकट लॉकरवर गेला. तिसरा आला तेव्हा त्यानं हात वर केला नाही. रक्त हनुवटीवरून वहीवर, सेनापतीवर, नकाशातल्या पाचव्या दारावर टपटपलं. मेहुण्याची खुंटंही फुटली होती. दाजीचे दात त्यांत शिरले होते. दोघांचं रक्त त्या कागदावर कुठून कुठपर्यंत कुणाचं हे सांगता आलं नसतं. मेहुणा त्याच्यावर उभा होता, धापा टाकत, चौथ्यासाठी हात मागं नेलेला, आणि तो हात तिथंच थांबला होता. वरच थांबला होता.

नर्सनं सवयीनं भिंतीवरच्या प्रथमोपचाराच्या पांढऱ्या पेटीकडे हात नेला, कडी काढली, आणि मग कडी परत लावून हात मांडीवर ठेवला.

पाइपातली हवा सुटत होती. मेहुण्याचा हात हळूहळू खाली आला. "ताईला सांगितलंत?"

"नाही."

"आज सांगायचं. माझ्यासमोर. आणि उद्या मॅनेजरला, लेखी."

"हो."

मेहुणा खुर्चीत बसला. रक्ताळलेली बोटं त्यानं पँटला पुसली, ती पुन्हा भरली. क्रेनवाली इतका वेळ आपला उजवा दंड धरूनच बसली होती. ती अगदी हळू, जणू देवळात बोलावं तसं, म्हणाली, "आणि माझा हात?"

मेहुण्यानं तिच्याकडे पाहिलं, मग दाजीकडे.

"सांग तिला," तो म्हणाला. "सांग तिला, मास्तर."

दाजी लॉकरला पाठ लावून खालीच बसला होता. त्यानं तोंडातलं रक्त गिळलं. उजव्या हाताची मुडपलेली दोन बोटं उघडून त्यानं ती जमिनीवर टेकवली, त्यांच्या आधारानं उठला, आणि टेबलाशी आला.

"आहे," तो म्हणाला. "जागेवर आहे. कुऱ्हाड अजून वर आहे."